वारा हो म्हणेपर्यंत

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र नेहमीप्रमाणे आले. 'सदर तेच, पण जागा दुप्पट. तेव्हा या खेपेस जरा उंचावरचे काही लिहा,' अशी सूचना. त्यांच्या मनात अर्थातच वाङ्मयीन उंची असणार. पण ती गाठणे आपल्या हाती नाही, हे गेली कित्येक वर्षे मी दर आठवड्याला सिद्ध करीत आलो आहे. म्हणून मी त्यांचा शब्द सरळ अर्थाने घेतो आणि यंदा डोंगरमाथ्यावर बसून जे पाहिले ते सांगतो.

आमचे गाव जळोची. बारामतीला खेटून असलेले, आणि आता तर बारामतीच्या नगरपरिषदेच्या हद्दीतच गेलेले. ही बारामती मोरोपंतांची (1729–1794). त्यांच्या 'केकावली'चे नावच मुळी मोराच्या हाकांवरून आलेले. मोर ढग पाहून हाका मारतो, आणि आमच्या भागातला शेतकरीही शतकानुशतके दुसरे काही करीत नाही. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. नीरेचा डावा कालवा 1885 पासून वाहतो आहे खरा. पण कालव्याचे पाणी उताराने जाते, आणि आमची वडिलोपार्जित जमीन कालव्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी आम्हाला दिसते, पिकाला दिसत नाही. आमचे आप्पा 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते. त्या साली खाल्लेल्या सुकडीची चव ते अजून सांगतात. आज पंचाहत्तरी उलटली तरी सकाळी उठल्यावर ते आधी अंगणात येऊन आभाळाकडे पाहतात. चहा मग.

अशा जमिनीला धरून राहिलेल्या घरात उडण्याचे वेड शिरले ते माझ्या भाचीच्या पायांनी.

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, सात वर्षांपूर्वी रात्री मोटारसायकलवरून परतताना अपघातात गेले. तेव्हापासून बहीण आमच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहते. एकुलती एक पोर, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या डिसेंबरात ती 'शिबिर आहे' असे सांगून आठ दिवस गेली. शिबिर कसले, हे कुणी विचारले नाही. शिबिर म्हटले की झाडे लावायची आणि रस्ते झाडायचे, अशी आमची समजूत. पुढे एके दिवशी तिच्या मोबाइलमधले एक छायाचित्र बहिणीच्या नजरेस पडले. एका उतारावर, दोन पुरुष उंचीवर, कापडाच्या भल्या मोठ्या कमानीला आपली लेक लोंबकळते आहे! त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

याला म्हणतात पॅराग्लायडिंग. आणि फेब्रुवारीत कामशेतला क्लबाची तीन दिवसांची सहल होती. लहान उतारावर शिकून झालेल्यांनी आता खऱ्या डोंगराच्या धारेवर उडायचे. बहिणीने 'नाही' म्हटले नाही आणि 'हो' ही म्हटले नाही. रात्री भांडी आवरल्यावर ती माझ्याकडे आली.

"दादा, मी नको म्हटलं तर ती थांबेल. पण मग जन्मभर माझ्याकडं नुसती बघत राहील. तू जा बरोबर. डोळ्यांनी बघ. तुला पटलं तर हो म्हण."

"आणि नाही पटलं तर?"

"तर तू नाही म्हण. माझ्याच्यानं म्हणवत नाही."

भाचीनेही आईच्या गळ्याची शपथ घेतली की, मामा हो म्हणेपर्यंत जमिनीवरून पाय उचलणार नाही. वाचकहो, मराठीच्या मास्तराला एवढा अधिकार जन्मात मिळत नाही. आम्ही फार तर चुकलेल्या वेलांटीवर लाल रेघ मारतो. मी त्या अधिकाराच्या ओझ्यासह एस.टी.त बसलो, आणि खरे सांगायचे तर, बसतानाच माझे 'नाही' ठरलेले होते. फक्त ते तिथे गेल्यावर म्हणायचे, म्हणजे विचारपूर्वक म्हटल्यासारखे दिसेल, एवढेच.

मोरगाव, जेजुरी, सासवड करीत गाडी दिवे घाट उतरून हडपसरला आली, तेव्हा भाचीने मला खिडकीतून बोट करून सांगितले, "मामा, इथंच ग्लायडिंग सेंटर." या रस्त्याने मी शंभरदा गेलो असेन, पण केंद्र सरकारच्या नागरी विमान खात्याचे ग्लायडिंग केंद्र हडपसरला आहे, हे माझ्या गावीही नव्हते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. पतंगासारखे लांब दोराने यंत्रावर ओढून वर चढवायचे, दोर सोडायचा, आणि पुढे हवेच्या भरवशावर. मग तिने मला एक गोष्ट सांगितली आणि मास्तर एकदम सरसावून बसला. आपल्याकडे या खात्याच्या तंत्रज्ञांनी जी ग्लायडरे आखली, त्यांची नावे काय? 1958 साली उडाले ते 'अश्विनी'. 1961 साली 'रोहिणी'. 1963 साली 'कार्तिक', 1970 साली 'मृगशीर' आणि 1979 साली 'आर्द्रा'!

ही नावे ठेवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. शहरातल्या वाचकांना नक्षत्रे लग्नपत्रिकेपुरती ठाऊक असतात. आमच्याकडे ती पेरणीची असतात. रोहिणीत वळवाच्या सरीची वाट पाहायची, मृगावर तिफण धरायची, मृग हुकला तर आर्द्रेवर आशा ठेवायची. ज्या नावांनी आप्पा आभाळाकडे पाहत आले, त्याच नावांची यंत्रे आभाळात गेली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने कामशेत. भोवती पवन मावळ. लोहगड, तिकोना, तुंग हे किल्ले. जवळच बेडशाची प्राचीन लेणी. मध्ये पवनेच्या धरणाचे पाणी. क्लबाची दहा-बारा मंडळी एका घरात उतरली होती. शिक्षक चाळिशीतले, उन्हाने रापलेले, बोलायला काटकसरी. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना डोंगरावर नेले. मी धापा टाकीत मागे. वर गेल्यावर त्यांनी खिशातून लोकरीचा एक धागा काढला, हात उंच करून धरला, आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "पाठीमागून वारा आहे. चला खाली."

एवढेच! पाच-पाच किलोंचे कापड, वर पट्टे, शिरस्त्राण, संकटात उघडायची वेगळी छत्री, असा सगळा संसार पाठीवर घेऊन मुले वर आली होती. तशीच ती खाली उतरली. कुरकुर कुणाचीच नाही. मला आश्चर्य वाटले. परीक्षा पुढे ढकलली तरी आमच्या वर्गात याहून जास्त गलका होतो.

रात्री शिक्षकांनी मला, म्हणजे शिकाऊ उमेदवारांहून शिकाऊ माणसाला, सगळे समजावून सांगितले. मी ते आमच्या पाटाच्या भाषेत सांगतो. वाहत्या पाण्यात मोठा धोंडा टाका. पाणी धोंड्यावर येऊन आपटते आणि वर उचलले जाते. धोंड्याच्या पलीकडे मात्र तेच पाणी भोवरे करीत खाली ओढते. वाऱ्याचेही तसेच. सपाटीवरून आलेल्या वाऱ्यासमोर लांबच लांब डोंगराची धार आडवी उभी राहिली की वारा वर चढतो, आणि धारेच्या पुढे चढत्या हवेचा एक पट्टा तयार होतो. हे कापडाचे पंख हवेतून सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतच असतात; उडणारा सतत पडतच असतो म्हणा ना! पण भोवतालची हवा त्याहून वेगाने वर चढत असेल, तर पडता पडता माणूस वर जातो. घार पंख न हलवता तरंगते ती याच हिशेबावर. सगळी कला एवढीच, की त्या पट्ट्यात राहायचे आणि धारेला समांतर येरझारा घालायच्या. वळायचे ते नेहमी दरीकडे, डोंगराकडे कधीच नाही. आणि वारा फार असेल तर मुळीच उडायचे नाही. कारण या पंखांचा वेग ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर. वारा तेवढाच झाला तर पुढे जाता येत नाही, आणि त्याने डोंगरापलीकडे ढकलले तर तिथे ते भोवरे असतात.

"समोरासमोर दोघे आले तर?" मी विचारले.

"ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला वाट द्यायची. दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. कारण उजवीकडं वळायला त्याला जागाच नसते."

घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देतात, तसाच हा न्याय. ज्याला जागा कमी, त्याचा मान आधी. नियम हवेतला असला तरी माणुसकीचा वाटला.

या विद्येचा इतिहासही मी मग भाचीकडून ऐकला. जर्मनीतल्या ओटो लिलिएंथालने बर्लिनजवळ 1894 साली उडण्यासाठी पंधरा मीटर उंचीची टेकडीच रचली. दोन हजारांवर उड्डाणे केली. 1896 च्या ऑगस्टात हवेत तोल जाऊन तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल 1911 साली इंजिनाशिवाय वाळूच्या टेकडीवरच्या वाऱ्यात 9 मिनिटे 45 सेकंद तरंगला. दहा वर्षे तो उच्चांक टिकला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने आली, तेव्हा तिथली तरुण मुले बिनइंजिनाची विमाने घेऊन डोंगरावर गेली, आणि 1922 मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ग्लायडरने तासाच्या वर मुक्काम केला. भाची हे सगळे सांगत होती आणि मी एकाच तारखेवर अडकलो होतो: 1896. त्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय झाले असेल?

दुसरा दिवस उजाडला. सकाळी वारा नाही. दहाला पूर्वेचा. दुपारी पश्चिमेचा आला, पण असा की माझा चष्मा उडतो की काय! शिक्षक हातातले वारा मोजायचे यंत्र पाहत आणि मान हलवीत. मुंबईहून आलेले एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "आम्ही सुट्टी टाकून आलोय हो. किती वेळ थांबायचं?"

"वारा हो म्हणेपर्यंत," शिक्षक म्हणाले.

आम्ही धारेवर गवतात बसून राहिलो. बसल्या बसल्या माझ्या मनात एक विचार आला. हा पश्चिमेचा वारा, आणि हाच सह्याद्री. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा याच डोंगरांवर चढतो, चढता चढता थंड होतो आणि इथेच आपले पाणी सांडतो. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मग तो रिकामा वारा पुढे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आमच्या जळोचीला पोचतो, कोरड्या तोंडाने. ज्या चढत्या वाऱ्यापायी आप्पांनी जन्मभर आभाळाकडे पाहिले, त्याच चढत्या वाऱ्याच्या पाठीवर बसायला त्यांची नात आली होती. आणि करीत होती काय, तर वाट पाहत होती. तिला ही सवय नवी नव्हती. आमच्या घराण्यात दुसरे आहे काय?

साडेचारला वारा ओसरला, एका लयीत वाहू लागला. शिक्षकांनी पुन्हा धागा धरला, वर घिरट्या घालणाऱ्या दोन घारींकडे पाहिले आणि भाचीला विचारले, "तयार?"

तिने माझ्याकडे पाहिले.

ठरवून आणलेले 'नाही' माझ्या जिभेवर होते. पण दोन दिवस ज्यांना मी पाहत होतो ती माणसे बेफिकीर नव्हती. किंबहुना माझ्या ओळखीत इतकी जपून वागणारी माणसे थोडीच आहेत. मी घसा साफ केला. "हो," म्हणालो. तो शब्द माझ्याच कानांना परका वाटला.

तिने पट्टे आवळले. प्रत्येक बकल ती मोठ्याने मोजीत होती. दोऱ्या तपासल्या. कापड वर उचलले. ते डावीकडे झुकले. तिने ते खाली घेतले. पुन्हा उचलले, पुन्हा झुकले. मग तिने ते पूर्ण खाली घेतले, गुंडाळले आणि पट्टे सोडून माझ्याजवळ येऊन बसली.

"काय झालं?"

"वारा चांगला आहे, मामा. मीच चांगली नाहीये. हात घाई करतायत. आज नको."

त्या संध्याकाळी सहाजण उडाले. ते मुंबईचे गृहस्थही उडाले. लाल, निळी, पिवळी कापडे उन्हात धारेवरून येरझारा घालीत होती, आणि ती गुडघ्यांभोवती हात घेऊन पाहत होती. एकदा तिने डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिले. शिक्षक तिला काही बोलले नाहीत, ना समजूत ना शाबासकी. वहीत उद्याच्या यादीत तिचे नाव तेवढे पहिले लिहिले.

रात्री बहिणीला फोन केला. "उडाली नाही," मी म्हटले.

"तू नाही म्हणालास?"

"मी हो म्हणालो. नको तीच म्हणाली. हात घाई करतायत म्हणाली."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, फोन तुटला. मग बहीण म्हणाली, "मग उद्या तुझं हो कशाला लागतंय? तिचं तिला कळतंय." आणि जरा थांबून, "तिच्या बापालाही त्या रात्री सगळे म्हणत होते, सकाळी जा म्हणून."

सात वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे कोणताही अधिकार उरला नव्हता, आणि मला त्याचे फार सुख झाले. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेची झुळूक आली, वाढली, स्थिरावली. भाचीने कापड उचलले. ते सरळ डोक्यावर उभे राहिले. दोन पावले, तिसरे, आणि चौथे पाऊल जमिनीवर पडलेच नाही. आवाज असा काही झाला नाही. दोऱ्यांची किंचित सळसळ झाली, तेवढीच. ती पुढे गेली, दरीकडे वळली, धारेच्या कडेने लांब जाऊन लहान झाली, आणि परत येताना आमच्यापेक्षा उंचावर होती. शिक्षक हातातल्या वॉकी-टॉकीवर मधूनच शांतपणे एखादा शब्द बोलत. समोरून एक निळे कापड आले. त्याच्या उजव्या हाताला डोंगर होता. माझ्या भाचीने दरीकडे वळून त्याला वाट दिली. मी, का कोण जाणे, टाळ्या वाजवल्या, आजूबाजूचे हसले.

बावीस मिनिटांनी ती खालच्या कापणी झालेल्या शेतात उतरली. मी डोंगर कसा उतरलो ते आठवत नाही. पायांत काटे होते हे घरी आल्यावर कळले. ती कापडाची घडी घालीत होती.

"वरून काय दिसलं गं?"

"धरण दिसलं. तिकोना दिसला." मग जरा विचार करून, "पण बघायला वेळच नव्हता मामा. सगळं लक्ष वाऱ्याकडं."

बहिणीला फोन तिनेच केला. दोघी काय बोलल्या ते मी ऐकले नाही. लांब जाऊन उभा राहिलो.

घरी पोचायला रात्र झाली. बहिणीने पुरणपोळी केली होती, सण नव्हता. आप्पा ओसरीवर बसून होते. त्यांना या सगळ्या प्रकाराची कल्पना 'पोरगी छत्रीला धरून डोंगरावरनं उडी मारती' एवढीच होती, आणि तीन दिवस त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नव्हता. भाची त्यांच्या पाया पडली. आता ते विचारतील, किती उंच गेलीस, भीती वाटली का, पडली असतीस म्हणजे, असे मला वाटले.

आप्पांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारले, "वारं कुणीकडचं हुतं?"

"मावळतीकडचं, आप्पा."

"मग बराबर," आप्पा म्हणाले. "जा, जेवून घे."